एमएसडब्ल्यूचं स्पेशलायझेशन: मेडिकल घ्यावं की कम्युनिटी?

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, वर्गात दोन प्रकारची मुलं असतात. पहिला गट एचआर घ्यायचं ठरवूनच आलेला असतो. १९४८च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी ठेवणं सक्तीचं केलं, तेव्हापासून ती वाट मळलेली आहे आणि तिकडे जाणाऱ्यांना कुणाच्या सल्ल्याची गरज पडत नाही. दुसरा गट फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत कँटीनमध्ये वाद घालत बसतो: मेडिकल अँड सायकियाट्रिक की कम्युनिटी डेव्हलपमेंट? हे लिखाण त्या दुसऱ्या गटासाठी.

मी मेडिकल घेतलं. पहिल्या वर्षाचं फील्डवर्क वस्तीत झालं, दुसऱ्या वर्षाचं हॉस्पिटलात, आणि पुढे नोकरीही हॉस्पिटलातच लागली. त्यामुळे खालचं सगळं एका बाजूला कललेलं वाटलं तर ते तसं आहेच, हे धरूनच वाचा.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तिच्यावरून उगाच झोप उडते. पदवीच्या दृष्टीने या निवडीने आभाळ कोसळत नाही. कॉलेजात शिकवण्यासाठी द्यायच्या नेट परीक्षेला समाजकार्य हा एकच विषय असतो, त्यात तुमचं स्पेशलायझेशन कुणी विचारत नाही. बहुतेक जाहिरातींत नुसती समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागितलेली असते. कम्युनिटी केलेली मुलगी एचआयव्ही समुपदेशन केंद्रात आणि मेडिकल केलेला मुलगा पाणलोटाच्या प्रकल्पावर, असं सर्रास दिसतं. दोन्हीकडे केसवर्क (एकेका माणसाबरोबरचं काम), ग्रुपवर्क (गटाबरोबरचं काम), समुदाय संघटन, संशोधन हे सारखंच शिकवतात. खरा फरक पडतो तो आठवड्यातले फील्डवर्कचे दिवस कुठे जातात आणि ते दिवस तुम्हाला काय सवयी लावतात, यात.

कम्युनिटीच्या बाजूने बोलायचं तर खूप बोलता येईल. समाजकार्याचा आत्मा तिथे आहे असं आमचे एक प्राध्यापक म्हणत, आणि ते खोटं नाही. हॉस्पिटलातला समाजसेवक एका माणसाचं बिल कमी करून देतो. वस्तीतला किंवा गावातला कार्यकर्ता लोकांना एकत्र आणून नियमच बदलू शकतो. गडचिरोलीतलं मेंढा लेखा आपल्याकडे प्रत्येक वर्गात सांगितलं जातं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या त्या गावाने २००६च्या वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, तो २००९ साली. हॉस्पिटलात तीस वर्षं काढलेल्या माणसाला असं काही दाखवता येणार नाही.

शिकायलाही तिथे मजा येते. ग्रामीण शिबिरात आम्ही गावाचा नकाशा काढायला बसलो तेव्हा बायांनी खडू बाजूला ठेवून रांगोळी मागितली. हिरव्या रंगाने बागायत, पांढऱ्याने रस्ता, आणि गावाबाहेरच्या एका घरापाशी येऊन हात थांबला. त्या घरात कोण राहतं यावर दोघींचं जुंपलं, आणि त्या भांडणातून गावाची जातवार मांडणी आम्हाला जेवढी कळली तेवढी सर्व्हेच्या फॉर्ममधून आयुष्यात कळली नसती.

मग घोडं अडलं कुठे? सहीच्या रजिस्टरपाशी.

वस्तीतलं काम म्हणजे मिटिंग, आणि मिटिंग म्हणजे उपस्थिती. ज्या संस्थेत माझी नेमणूक होती ती वाईट नव्हती, माणसंही तळमळीची होती. पण प्रत्येक उपक्रमाचं लक्ष्य ठरलेलं: बैठकीला अमुक महिला, किशोरींच्या सत्राला तमुक मुली. रजिस्टरमध्ये नाव, वय, पत्ता, मोबाइल, सही किंवा अंगठा. मागे बॅनर हवा, आणि बॅनरवरचा देणगीदाराचा लोगो फोटोत पूर्ण दिसला पाहिजे. दुपारी धुणीभांडी आटोपून आलेल्या बायांना मी दारोदार फिरून बोलावून आणायचो, अंगणवाडीच्या ताईंना मध्ये घालायचो, आणि समाजमंदिरात सतरंजीवर बसवायचो. एकदा पोषण आहारावर माझं बोलणं नीट सुरूही झालं नव्हतं, तेवढ्यात पुढे बसलेल्या मावशी म्हणाल्या, “दादा, फोटो झाला का? झाला असंल तर निघते मी, नळाला पाणी यायची वेळ झाली.”

त्यात टोमणा नव्हता. त्या मनापासून माझी अडचण समजून घेत होत्या. त्यांच्या लेखी मिटिंग हे माझं काम होतं, आणि मी पोरगा बरा म्हणून त्या माझ्यासाठी येऊन बसल्या होत्या. बघायला गेलं तर हिशेब बरोबरच होता. त्या सतरंजीवर गरजू मी होतो. मला सह्या हव्या होत्या, माझ्या सुपरवायझरला फील्डवर्कचं लेखी रेकॉर्डिंग हवं होतं, संस्थेला तिमाही अहवाल हवा होता. मावशींना पाणी हवं होतं, आणि पाण्यासाठी आमच्या प्रकल्पात खातंच नव्हतं.

हे एकदाच झालं असतं तर विसरलो असतो. पण मग ते प्रत्येक मिटिंगला दिसायला लागलं. अनुभवी कार्यकर्ते यावर हसतात. म्हणतात, आधी सहा महिने नुसतं फिर, चहा पी, नळाच्या रांगेत उभा राहा, मग लोक स्वतः विषय काढतील. त्यांचं खरं असणार. ज्यांना हे जमतं त्यांना मी मानतो. पण विद्यार्थ्याला सहा महिने नुसतं फिरू देणारी संस्था मिळणं कठीण, आणि नोकरीत तर आणखीच कठीण. २०१४पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, खर्च करावे लागतात. त्यातून या क्षेत्रात पैसा आला, नोकऱ्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर आकडे मोजणारे डॅशबोर्डही आले. दुसरीकडे २०२०मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल झाला. मोठ्या संस्थेने लहान संस्थेला त्यातला निधी पुढे द्यायची सोय बंद झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. लहान संस्थेत गावात राहून काम करणाऱ्या माणसाचा पगार बऱ्याचदा अशाच पैशातून निघायचा.

हॉस्पिटलात चित्र उलटं असतं. तिथे माणूस तुम्हाला शोधत येतो. कॅरीबॅगमध्ये एक्सरे, फाइल, रेशनकार्डाची झेरॉक्स, आणि “साहेब, समाजसेवा हेच का?” हा प्रश्न. त्याला फोटोची घाई नसते. त्याला उद्या सकाळचं ऑपरेशन व्हायला हवं असतं. तुम्ही काही केलंत किंवा केलं नाहीत, हे संध्याकाळपर्यंत दोघांनाही कळतं. माझ्यासारख्या स्वभावाच्या माणसाला हे फार मानवतं.

पण म्हणून हॉस्पिटल म्हणजे स्वर्ग, असं मुळीच नाही. तिथला जाच वेगळा आहे: दाखले. धर्मादाय हॉस्पिटलांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ककखाली १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या रकमेतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकावे लागतात. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात पेशंट आयसीयूत असतो आणि त्याचा मुलगा तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एसटीने गावाकडे निघालेला असतो. रेशनकार्ड आजोबांच्या नावावर, आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेच्या यादीत हा आजार बसतो पण ही शस्त्रक्रिया बसत नाही. दिवसातला मोठा वेळ यात जातो. केसवर्कच्या पुस्तकातली ती शांत खोली, दोन खुर्च्या, मोकळा संवाद वगैरे विसरा. माझ्या टेबलाच्या एका बाजूला बिलिंगचा काउंटर आहे आणि दुसऱ्या बाजूला लिफ्ट.

दुसरी गोष्ट अशी की हॉस्पिटलात तुम्ही पाहुणे असता. घर डॉक्टरांचं. पहिला वैद्यकीय समाजसेवक मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेमला गेला १९४६ साली, आणि त्याच सुमाराला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये या विषयाचं वेगळं शिक्षण उभं राहिलं. एवढी वर्षं झाली, तरी नव्या रेसिडेंट डॉक्टरला समाजसेवक म्हणजे बिल माफ करणारा माणूस वाटतो. ‘पेशंटला कौन्सेल करा’ असा निरोप येतो तेव्हा त्याचा अर्थ अनेकदा ‘पैसे भरायला तयार करा’ एवढाच असतो. हे सहन होणार नसेल तर इकडे येऊ नका. शिवाय पेशंट घरी गेला की गोष्ट तिथेच तुटते. पुढे त्याचं काय झालं, बायकोने दागिने सोडवले का, पोरगी शाळेत परत गेली का, हे कळायची सोय क्वचितच असते. कम्युनिटीवाले वर्गमित्र दहा वर्षांनीही त्याच गावात जेवायला जातात. तिथे मात्र मला त्यांचा हेवा वाटतो.

आणि तरीही. दाखल्यांचा वैताग आणि सह्यांचा वैताग समोरासमोर ठेवले तर मला पहिला परवडतो. दाखल्यासाठी तहसील कचेरीत फोन करून हुज्जत घालताना मी पेशंटच्या बाजूने उभा असतो. सही घेताना मी कुणाच्या बाजूने होतो हे मला सांगता यायचं नाही.

सायकियाट्रिक या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल थोडं. नावात जोडशब्द असला तरी बऱ्याच कॉलेजांत तो भाग पुस्तकी राहतो. प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात चारच ठिकाणी, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यामुळे प्लेसमेंटच्या जागा मोजक्या. ज्यांना मिळते त्यांनी सोडू नये. बरे झालेले, पण घरून न्यायला कुणी येत नाही असे लोक तिथे भेटतात, आणि त्यांच्या भावाला किंवा सुनेला फोनवर काय बोलायचं हे शिकण्यात सगळं केसवर्क येऊन जातं. एक खाचखळगा मात्र माहीत हवा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात ‘सायकियाट्रिक सोशल वर्कर’ ठरण्यासाठी एमएसडब्ल्यूच्या पुढे दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. सांगितली आहे. म्हणजे आपल्या स्पेशलायझेशनच्या नावात तो शब्द असून भागत नाही. त्यात २०२२मध्ये यूजीसीने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली आणि या विषयाला नंतर मुदतवाढ दिली. तो रस्ता डोळ्यासमोर असेल तर ताजं परिपत्रक वाचल्याशिवाय पुढची स्वप्नं रंगवू नका.

पगारावर मी फार बोलणार नाही. सुरुवातीला दोन्हीकडे कंत्राट आहे. ‘उमेद’सारख्या (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) मोठ्या यंत्रणेत असो की एखाद्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात, पहिलं पत्र अकरा महिन्यांचं येण्याची मनाची तयारी ठेवा. वाढीचा वेग कम्युनिटीत जास्त दिसतो: माझे वर्गमित्र प्रकल्प समन्वयक, मग व्यवस्थापक, मग सीएसआर प्रमुख झाले, विमानाने फिरतात. हॉस्पिटलात समाजसेवा विभागात माणसं तीन-चार, वरची खुर्ची एक, आणि ती रिकामी व्हायला निवृत्तीच यावी लागते. सरकारी समाजसेवा अधीक्षकाची जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण भरतीची वाट पाहण्यात वर्षं जातात. अवयव प्रत्यारोपण समन्वयक ही अलीकडे खुली झालेली चांगली वाट. २०११च्या दुरुस्तीने प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलांना असा माणूस नेमणं भाग पडलं, आणि नुकतंच माणूस गमावलेल्या घरच्यांशी बोलायचं काम आपल्या शिक्षणाला अगदी जवळचं आहे.

तुम्ही संघटनेत, चळवळीत रमणारे असाल, ग्रामसभेत कुणी आडवं बोललं तर तुम्हाला उलट चेव येत असेल, निकाल पाच वर्षांनी लागला तरी चालत असेल, तर माझं ऐकू नका, कम्युनिटी घ्या. तुळजापूरला टाटा इन्स्टिट्यूटचं केंद्र १९८६पासून ग्रामीण विकासावर आहे, तेही एकदा बघून या. पण तुम्हाला एकेका माणसाशी बोलायला आवडत असेल आणि दिवसाच्या शेवटी एखादं तरी काम हातावेगळं झालेलं लागत असेल, तर मेडिकलकडे जरा जास्त कल ठेवायला हरकत नाही.

फॉर्म भरण्याआधी एक गोष्ट जरूर करा. फील्डवर्क समन्वयकांकडून गेल्या दोन वर्षांच्या प्लेसमेंटची यादी मागून घ्या आणि त्यातल्या किती हॉस्पिटलांत स्वतंत्र समाजसेवा विभाग आणि मार्गदर्शन करायला पात्र समाजसेवक आहे हे विचारा. नसेल तर वर्षभर तुम्हाला चौकशीच्या खिडकीवर बसवून पेशंटना ओपीडीचा रस्ता दाखवायला लावतील. यादीत एकही सरकारी किंवा मोठं धर्मादाय हॉस्पिटल नसेल, तर त्या कॉलेजात मीसुद्धा कम्युनिटीच घेतलं असतं.