अँकी रोज वापरून काही महिने झाले, त्याबद्दल

नोकरी सांभाळून परीक्षेची तयारी करायची म्हणून अँकी हे कार्डांवरून उजळणी करून घेणारं अ‍ॅप घेतलं आणि आता बरेच महिने ते रोज वापरते आहे. लक्षात ठेवण्याच्या कामासाठी याच्या तोडीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. पण चालढकलीवरचा रामबाण उपाय म्हणून कोणी हे सुचवत असेल, तर ते अर्धंच खरं आहे.

अभ्यास टळतो तो बहुतेक वेळा आळसामुळे नाही. आज कुठून सुरुवात करायची हेच ठरलेलं नसतं. मग वेळापत्रक आखायचं, टेबल आवरायचं, पेनं शोधायची, असं नमनालाच घडाभर तेल जातं. अँकी हा निर्णय तुमच्या हातातून काढून घेतं. उघडलं की आजची कार्डं समोर, पहिलं उलटलं की सुरुवात झालीच. थकून घरी आल्यावर मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसरीकडे उत्तर. उत्तर मनात आठवायचं, कार्ड उलटायचं आणि अगेन, हार्ड, गुड, इझी यांपैकी एक बटण दाबायचं. आलं तर ते कार्ड काही दिवसांनी परत येतं, मग काही आठवड्यांनी, मग महिन्यांनी. प्रोग्रामर डेमियन एल्म्सने 2006 मध्ये हे आणलं तेव्हा आतलं, म्हणजे कार्ड परत कधी आणायचं हे ठरवणारं गणित पोलिश संशोधक पिओत्र वोझ्नियाकच्या 1987 मधल्या एसएम-2 या पद्धतीवर बेतलेलं होतं. 2023 च्या 23.10 आवृत्तीपासून एफएसआरएस नावाचं नवं गणितही आलं. ते डेकच्या (म्हणजे कार्डांच्या गठ्ठ्याच्या) सेटिंग्जमधून, 'डेक ऑप्शन्स'मधून चालू करा. तुमच्या विसरण्याच्या चालीवरून ते तारखा ठरवतं आणि उजळणीचा फापटपसारा बराच कमी होतो.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. 'हार्ड' म्हणजे 'आठवलं, पण दम निघाला'. आठवलंच नसेल तर 'अगेन'. अगेन दाबायला जीव होत नाही म्हणून लोक हार्ड दाबतात. गणिताला वाटतं तुम्हाला येतंय, आणि ते कार्ड आणखी लांब ढकलतं.

खरी मेहनत कार्ड लिहिण्यात आहे. 'हृदयाची रचना सांगा' हे कार्ड नव्हे, तो दहा मार्कांचा प्रश्न झाला. निम्मं आठवलं तर बटण कुठलं दाबणार? त्याऐवजी 'उजवी कर्णिका आणि उजवी जवनिका यांच्यामध्ये कोणती झडप असते?' आणि मागे फक्त 'त्रिदल'. डाव्या बाजूच्या झडपेचं कार्ड वेगळं. 'ती झडप नसती तर रक्त कुठे गेलं असतं?' याचंही एक वेगळं, आणि हे तिसरं कार्डच जास्त मोलाचं, कारण ते घोकून येत नाही. एकच कार्ड आठ वेळा विसरलं की अँकी त्यावर 'लीच' म्हणजे जळू अशी खूण लावतं. अशी जळू दिसली की तेच कार्ड परत घोकत बसू नका, फोडून नव्याने लिहा.

आणि इथेच चालढकल मागच्या दाराने परत येते. कार्डांना रंग देणं, चित्रं चिकटवणं, ॲड-ऑन (अ‍ॅपला जोडायच्या जादा सोयी) शोधणं, दुसऱ्यांचे तयार डेक उतरवून ठेवणं: सगळं अभ्यासासारखं दिसतं, त्यातला अभ्यास थोडाच. तयार डेकचं तर मला कधीच जमलं नाही. धडा न वाचता त्याची कार्डं पाठ करणं म्हणजे शुद्ध घोकंपट्टी.

दुसरी तक्रार थकबाकीची. सुरुवातीला अ‍ॅपने दिवसाला 20 नवी कार्डं ठरवलेली असतात. आकडा किरकोळ वाटतो, पण आजची 20 कार्डं पुढे कित्येक वेळा उजळणीला उभी राहतात. नोकरी असेल तर आठ-दहाच ठेवा. चार दिवस सुट्टी घेतलीत की कार्डांचा डोंगर साचतो, आणि तो आकडा बघूनच अ‍ॅप उघडावंसं वाटत नाही. तेव्हा नवी कार्डं शून्यावर आणायची आणि रोज जमेल तेवढाच डोंगर उपसायचा.

पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती ही पोमोडोरोची पद्धत याला जोडून पाहिली. कार्डांसाठी छान. गणितं सोडवताना मात्र धागा हाताला लागतो न लागतो तोच घंटी वाजते, म्हणून तिथे टायमर बंद.

'नुसतं वाचलं तर जास्त येतं' असं पहिल्या आठवड्यात वाटेल. रोएडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधल्या प्रयोगात हेच दिसलं: पाच मिनिटांनी विचारलं तर उतारा पुन्हापुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून पाहणारे पुढे. त्यामुळे निकाल लगेच लावू नका, महिनाभर थांबा.

संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत. दिसायला रुक्ष, सेटिंग्ज डोकं खाणारी. भाषा, वैद्यकीय विषय, कायद्याची कलमं, सनावळ्या यांसाठी डोळे झाकून घ्या. निबंध, सिद्धता, लांब उत्तरं यांसाठी कोरा कागद घेऊनच बसावं लागतं. परीक्षा पंधरवड्यावर आली असेल तर आता हे सुरू करू नका, जुने पेपर सोडवा.