प्रगत बाईक सेफ्टी कोर्स: काही महिने रस्त्यावर वापरल्यानंतर

अशा कोर्सबद्दलची मतं बहुधा कोर्स संपल्या संपल्या लिहिली जातात आणि त्या वेळी सगळंच भारी वाटतं. काही महिने रोजच्या रहदारीत तीच तंत्रं वापरली की चित्र बदलतं. काही सवयी अंगात मुरतात, काही विरून जातात. आणि सर्वांत आधी विरतं नेमकं सर्वांत मोलाचं कौशल्य: पुढच्या ब्रेकवरचा हात.

पैसे वसूल होतात ते आपत्कालीन ब्रेकिंगच्या सत्रात. थ्रॉटल बंद, क्लच आत, पुढच्या लिव्हरचा मोकळा खेळ संपवायचा आणि क्षणभर हलकाच दाब ठेवायचा. तेवढ्यात फोर्क (पुढचं चाक धरणारे सस्पेन्शनचे दांडे) दबतो, वजन पुढे येतं, टायर रस्त्यावर घट्ट बसतो. मग जोर वाढवत न्यायचा. घाबरून लिव्हर एकदम खेचला तर वजन पुढे यायच्या आतच चाक लॉक होतं, म्हणजे फिरायचं थांबून घसरू लागतं, आणि बाईक खाली जाते. मागचा ब्रेक हलकाच ठेवायचा, कारण मागचं चाक आता जवळजवळ रिकामं झालेलं असतं. पुढचं चाक लॉक झालं तर लिव्हर तत्काळ सोडून पुन्हा दाबायचा. मागचं चाक लॉक होऊन आडवं सरकलं असेल तर मात्र ब्रेक सोडायचा नाही. सोडला की पकड अचानक परत येते आणि बाईक रायडरला पलीकडे फेकते. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर लिव्हर थरथरतो. तिथे अनेकांचा हात सैल पडतो, पण दाब तसाच धरून ठेवायचा असतो.

हे का महत्त्वाचं, ते साध्या गणितात दिसतं. ताशी 60 किलोमीटरला बाईक सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते, म्हणजे एका सेकंदाच्या दचकण्यातच 17 मीटर गेले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर सरावलेल्या हाताला थांबायला साधारण 18 मीटर लागतात. भीतभीत अर्धाच ब्रेक मारणाऱ्याला 28. ताशी 80 ला तो सरावलेला हातसुद्धा 31-32 मीटर घेतो, कारण ब्रेक लागल्यानंतर थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं.

हा हात टिकवायचा तर कोरडी, सरळ, रिकामी जागा शोधून नियमित सराव हवा. टायर गरम झाल्यावर ताशी 30 पासून सुरुवात, मग 40, मग 50. सराव नसला की बोटं पुन्हा जुन्या झटक्यावर जातात. प्रमाणपत्र घरात असून उपयोग नाही. रहदारीत दोन बोटं लिव्हरवर टेकवून ठेवण्याची सवय मात्र लवकर लागते आणि टिकते.

संथ गतीचं नियंत्रणही टिकतं, कारण कोंडीत त्याचा रोज सराव होतो. क्लच अर्धा, इंजिनला थोडा थ्रॉटल, मागचा ब्रेक हलका ओढता आणि नजर जिथे बाहेर पडायचं तिथे. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की बाईक पडते. यू-टर्नमधल्या पडझडीचं एक नेहमीचं कारण हेच. हा सराव सलग केला तर क्लच तापतो आणि लिव्हरचा खेळ बदलतो, तेव्हा मधे विश्रांती द्यावी.

काउंटर स्टिअरिंग एकदा समजलं की विसरत नाही: वेगात उजवीकडे जायचं तर उजवं हँडल पुढे ढकलायचं. अडथळा चुकवताना मात्र वळणं आणि जोराचा ब्रेक एकत्र करू नये, कारण टायरची पकड दोन्हींत वाटली जाते. आधी ब्रेक, मग तो सोडून वळण.

वळणांच्या सत्रातली सर्वांत उपयोगी शिकवण झुकण्याची नाही, बघण्याची आहे. रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकत्र मिळताना दिसतात तो बिंदू आपल्याकडे सरकत असेल तर वळण आवळत चाललंय, वेग कमी करा. तो लांब पळू लागला की वळण उघडतंय. अनोळखी घाटात यासारखा भरवशाचा इशारा दुसरा नाही. खड्ड्याकडे बघत राहिलं की बाईक खड्ड्यातच जाते, हेही याच सत्रात पक्कं होतं.

कमतरता खऱ्या आहेत. मैदान स्वच्छ असतं, वाट दाखवणारे प्लास्टिकचे शंकू आधी दिसतात आणि ब्रेक कुठे मारायचा हे ठाऊक असतं. खडी, ओले पांढरे पट्टे, पहिल्या पावसातला तेलकट रस्ता यांचा सराव बहुधा होत नाही. मागे माणूस बसल्यावर मागच्या चाकावर वजन वाढतं, मागचा ब्रेक जास्त कामाला येतो, सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीपासूनचा ताण) आणि हवेचा दाब पुस्तिकेप्रमाणे बदलावा लागतो. हा भाग तोंडीच उरकला जातो. एका दिवसात इतकं कोंबलं की शेवटच्या तासांत हात थकतात आणि नेमकं तेव्हाच वळणं शिकवली जातात. दोन दिवसांत विभागलेला कोर्स म्हणूनच चांगला.

शक्यतो स्वतःचीच बाईक न्यावी. टायरमधली हवा थंड असताना तपासलेली, चेनचा ढिलेपणा योग्य, ब्रेक पॅडमध्ये जीव आणि लिव्हर सहज पोचेल इतका जवळ लावलेला. नोंदणीआधी दोन प्रश्न नक्की विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण असतील आणि प्रत्येकाला ब्रेकिंगच्या किती फेऱ्या मिळतील. आधी न सांगता अचानक इशारा देऊन ब्रेक मारायला लावतात का, हेही विचारा. दचकण्याचा तो सेकंद कमी करायला शिकवणारा सराव तोच आहे.