मोठी बॅटरी की जादा वेग?

महिंद्राच्या ‘बीई ६’ या विजेवरच्या गाडीमध्ये ५९ किलोवॅट-तासांच्या बॅटरीसोबत १७० किलोवॅटची, तर ७९च्या बॅटरीसोबत २१० किलोवॅटची मोटर मिळते, टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, मात्र दोन्हींत ३८० न्यूटन-मीटरच असल्याने उसाची ट्रॉली ओलांडताना धाकट्या बॅटरीची गाडीही कमी पडत नाही. टेस्लाने ‘मॉडेल ३ लाँग रेंज’च्या ग्राहकांना २,००० डॉलरला, निव्वळ सॉफ्टवेअरच्या जोरावर, शून्यापासून वेग घेण्याच्या वेळेतला सुमारे अर्धा सेकंद वाचवून विकला; पण समृद्धी महामार्गावर, जिथे वेगमर्यादाच ताशी १२० किलोमीटर आहे, तसला अर्धा सेकंद मला फुकटही नको. मे महिन्याच्या उन्हात, एसी सतत चालू ठेवून छत्रपती संभाजीनगरहून लातूर गाठायचे असेल आणि वाटेतला चार्जर सुरू असल्याची खात्री नसेल, तर जादा पैसे मोठ्या बॅटरीवरच घालावेत. वरच्या ट्रिममधली, म्हणजे महागड्या आवृत्तीतली, रोषणाई हा निव्वळ हौसेचा भाग. शहरापुरते फिरणाऱ्याने, घरी चार्जिंगची सोय असल्यास, ५९ खुशाल घ्यावी.