झटका देणाऱ्या टॉर्चच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

माझी लेक महापे येथील एका कंपनीत दुसऱ्या पाळीला काम करते आणि रात्री अकराच्या सुमारास कोपरखैरणे स्थानकावरून घरी चालत येते. गेल्या दिवाळीआधी त्या वाटेवर दोघांनी तिचा पाठलाग केला आणि तेव्हापासून तिच्या पर्समध्ये स्वसंरक्षणाचे काहीतरी असावे, या विचाराने मला झोप लागेना. चाकू मी आधीच बाद केला होता, कारण घाबरलेल्या हातातून तो हिसकावला गेला की आपल्यावरच उलटतो. उरले पेपर स्प्रे आणि विजेचा झटका देणारी टॉर्च.

ठाणे स्थानकाजवळच्या एका दुकानात मी गेले. दुकानदाराने बटण दाबले, कडकड आवाज करत निळी ठिणगी उडाली आणि तो म्हणाला, "काकू, पन्नास लाख व्होल्ट आहेत, माणूस जागच्या जागी कोसळतो." २,८०० रुपयांच्या टॉर्चवर त्याने स्प्रेचा एक डबा फुकट दिला. पक्की पावती हवी असेल तर जीएसटी वेगळा लागेल, असे तो म्हणाला आणि मी कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानले, ही माझी चूक झाली.

इलेक्ट्रिकल इंजिनिअर असलेल्या माझ्या दिरांनी टॉर्च पाहताच सांगितले, की कोरड्या हवेत एक सेंटिमीटर अंतर ओलांडायला ठिणगीला साधारण ३० हजार व्होल्ट लागतात आणि या टॉर्चच्या दोन टोकांत दोन सेंटिमीटरही अंतर नाही. पन्नास लाख व्होल्ट खरे असते, तर ठिणगी दीड मीटरहून लांब गेली असती. शिवाय टोके इतकी जवळ असली, की वेदना होतात, पण माणूस कोसळत नाही, आणि तेवढ्यासाठीसुद्धा टॉर्च त्याच्या अंगाला टेकवून धरावी लागते. म्हणजे जो माणूस चार पावले लांबच राहायला हवा, तो अंगाशी येईपर्यंत माझ्या लेकीने थांबायचे! हे ऐकून माझे हातपाय गार पडले.

मग गच्चीवर जाऊन स्प्रे दाबून पाहिला. धार उडालीच नाही. लालसर तेलकट द्रव लेकीच्या अंगठ्यावरून मनगटापर्यंत ओघळला आणि संध्याकाळपर्यंत हात भाजत राहिला. (नुसत्या पाण्याने ही आग जात नाही, साबण लावून पुन्हा पुन्हा धुवावे लागते.) डब्यावरचा तारखेचा स्टिकर नखाने खरवडला, तेव्हा खाली छापलेली मुदत निघाली: मार्च २०२१. डब्यातला दाब काही वर्षांत झडपेतून हळूहळू निघून जातो, म्हणून ही मुदत असते. पाकीटबंद वस्तूंसाठीच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापणे बंधनकारक आहे. आमच्या टॉर्चच्या खोक्यावर यांतले काहीच नव्हते.

दुकानदाराने ती चिठ्ठी आपली नाहीच, असे सांगितले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पण पावतीअभावी ती लंगडी पडते आहे. नवा स्प्रे दुसरीकडून पक्क्या पावतीवर, मुदत आणि सील तपासून घेतला. एक जादा डबा सरावासाठी आणला आणि वाऱ्याकडे पाठ करून लेकीने तो गच्चीच्या कठड्यावर मारला, तेव्हा धार सरळ आठ फूट गेली.