अडकलेलं पोर्ट सोडवणाऱ्या कमांड : काही महिन्यांच्या वापरानंतर

सर्व्हर सुरू करायला जावं आणि टर्मिनलने 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणून तोंडावर दार लावावं (म्हणजे सर्व्हरला हवं असलेलं पोर्ट, त्याच्या जोडणीचा नंबर, आधीच दुसऱ्या प्रोग्रामने धरलेलं), हे ज्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं काम नोड आणि पायथनमध्ये चालतं. हाताशी मॅक, सर्व्हरवर उबुंटू, आणि टीममधल्या बऱ्याच जणांकडे विंडोज. त्यामुळे तिन्हीकडच्या कमांड वापरून झाल्यात. मत आधीच सांगून टाकतो: पोर्ट मोकळं करणाऱ्या कमांडपेक्षा पोर्टवर कोण बसलंय हे सांगणारी कमांड जास्त कामाची. एका दमात शोधून मारणारी 'किल-पोर्ट'सारखी पॅकेजेस मी काढून टाकली आहेत.

रोजच्या वापरात टिकलं ते एलसॉफ, म्हणजे कुठल्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) पोर्ट धरलंय ते दाखवणारी कमांड. मॅकवर ते आधीपासून असतं, लिनक्सवर नसलं तर टाकून घ्यावं लागतं. नुसतं 'डॅश आय, कोलन, ३०००' दिलं तरी उत्तर येतं, पण कधीकधी इतकं रेंगाळतं की कमांड अडकली असं वाटावं. कारण ते प्रत्येक आयपीचं नाव शोधत बसतं. व्हीपीएन चालू असेल तर हे फारच जाणवतं. छोटा एन दिला की हा शोध थांबतो. त्याच्या जोडीला मोठा पी द्यायचाच, नाहीतर मॅकवर ३०००च्या जागी 'एचबीसीआय' आणि ८०८०च्या जागी 'एचटीटीपी-ऑल्ट' छापून येतं आणि आपण आकडा शोधत राहतो. हा पी मोठाच हवा. छोट्या पीचा अर्थ वेगळा, तिथे तो पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, मागतो.

खरी गोम पुढे आहे. पोर्टवर ऐकत बसलेली प्रोसेस आणि त्या पोर्टला जोडली गेलेली प्रोसेस, दोन्ही एलसॉफच्या यादीत येतात. म्हणजे लोकलहोस्टचं पान उघडं असेल तर ब्राउझरही त्यात आला. इंटरनेटवर जिकडेतिकडे सापडणारी ती एका ओळीची युक्ती, एलसॉफकडून फक्त पीआयडी घ्यायचे आणि थेट किल नाइनकडे, म्हणजे प्रोसेस तडकाफडकी मारणाऱ्या कमांडकडे, पाठवायचे, ती सर्व्हरबरोबर ब्राउझरचीही प्रोसेस उडवू शकते. त्यावर इलाज म्हणजे 'डॅश एस, टीसीपी, कोलन, लिसन' हा फिल्टर. एवढं सगळं रोज कोण टाइप करणार? मी शेलमध्ये 'कोण' नावाचं छोटं फंक्शन करून ठेवलंय. 'कोण ३०००' म्हटलं की एकच ओळ येते: नोड, पीआयडी, यूजर, आणि शेवटी कंसात लिसन. ओळच आली नाही तर पोर्ट मोकळं आहे असं लगेच धरू नका. दुसऱ्या यूजरची प्रोसेस सुडोशिवाय, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारांशिवाय, दिसत नाही.

मारताना आधी साधा किल. तो १५ नंबरचा सिग्नल पाठवतो, प्रोसेसला आवराआवर करायला वेळ मिळतो. ९ नंबर म्हणजे थेट गळा. डेव्हलपमेंट सर्व्हरला त्याने फारसा फरक पडत नाही, पण ५४३२वर पोस्टग्रेस डेटाबेस बसलेला असेल तर त्याच्या मुख्य प्रोसेसवर ९ चालवू नका. शेअर्ड मेमरी तशीच राहते आणि पुढचं सुरू होणं अवघड होऊन बसतं. नाव आधी वाचायचं ते यासाठीच.

उबुंटूवर घाई असेल तर फ्यूजर, पोर्ट धरलेली प्रोसेस शोधून मारणारी कमांड. 'डॅश के' आणि '३०००/टीसीपी' दिलं की काम संपलं. एवढी सुटसुटीत कमांड दुसरी नाही, पण ती मुळातच ९ नंबर पाठवते. 'डॅश टर्म' जोडलं तर सौम्य होते, 'डॅश आय' दिलं तर मारण्याआधी विचारते. मॅकवरच्या फ्यूजरला मात्र ही पोर्टची भाषाच कळत नाही, तिथे वेळ घालवू नका. सर्व्हरवर नुसतं बघायचं असेल तर एसएस ही कमांड पुरे. नेटस्टॅट या जुन्या कमांडची सवय सुटायला वेळ लागतो एवढंच.

प्रोसेस मारूनही पोर्ट सुटत नाही, तेव्हा डोकं जास्त खातं. पीएम-टू किंवा सिस्टिमडी (प्रोसेस चालू ठेवणारी साधनं) प्रोसेस पुन्हा उभी करत असेल तर कितीही किल मारा, नवा पीआयडी हजर. तिथे सर्व्हिसच थांबवायची. यादीत 'डॉकर-प्रॉक्सी' दिसलं तर पोर्ट डॉकरच्या कंटेनरसाठी धरलेलं असतं, तो कंटेनर थांबवायचा. मॅकवर मॉन्टेरेपासून, म्हणजे २०२१पासून, ५०००वर एअरप्ले रिसीव्हर बसतो. फ्लास्क या पायथन वेब फ्रेमवर्कचं डीफॉल्ट पोर्टही तेच, त्यामुळे पायथनवाल्यांची भेट ठरलेली. एलसॉफमध्ये तो 'कंट्रोलसीई' (कंट्रोल सेंटर) अशा अर्धवट नावाने येतो. त्याला मारलं तर परत येतो. सेटिंग्जमध्ये जाऊन एअरप्ले रिसीव्हर बंद करणं किंवा फ्लास्कला दुसरं पोर्ट देणं, हेच खरं. टाइम-वेटची, म्हणजे बंद झालेलं कनेक्शन थोडा वेळ रेंगाळण्याची, गंमत अजून वेगळी. तिथे मारायला कुणी नसतंच. लिनक्सवर साठ सेकंदांत ते आपोआप जातं. आणि कंट्रोल-सीऐवजी कंट्रोल-झेड दाबला गेला असेल तर सर्व्हर मेलेला नसतो, नुसता थांबवलेला असतो, पोर्ट धरून. 'जॉब्स' टाइप करा, यादीत सापडेल. 'एफजी' करून पुढे आणा आणि नीट बंद करा.

विंडोजवर नेटस्टॅटला 'एएनओ' दिलं की शेवटच्या रकान्यात पीआयडी मिळतो, तो टास्ककिलला द्यायचा. मजकूर शोधणाऱ्या फाइंडस्ट्रने ८० शोधलं तर ८०८०ही गळाला लागतं, तेवढं डोळे उघडे ठेवून वाचा. गिट बॅशमध्ये टास्ककिल पीआयडीचा पर्याय ओळखतच नाही, कारण सुरुवातीच्या स्लॅशला ते फोल्डरचा पत्ता समजतं. डबल स्लॅश द्या, चालतं. पीआयडी ४ दिसला तर ती सिस्टिम आहे, तिला हात लावायचा नाही. ८०वर असेल तर बहुतेक आयआयएस या वेब सर्व्हरसारखी एखादी सर्व्हिस चालू असते, ती बंद करा.

नेटस्टॅटमध्ये कुणीच दिसत नाही आणि तरी पोर्ट मिळत नाही, असंही विंडोजवर होतं. एरर परवानगीची येते, आपण अ‍ॅडमिन म्हणून पुन्हा चालवून बघतो, फरक शून्य. हायपर-व्ही या विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीमुळे पोर्टच्या काही पट्ट्या राखीव होतात आणि आपला आकडा नेमका त्यात अडकतो. नेटश कमांडला 'एक्सक्लूडेड पोर्ट रेंज' विचारली की यादी मिळते. अ‍ॅडमिन टर्मिनलमधून विननॅट सर्व्हिस बंद करून पुन्हा सुरू केली तर पट्ट्या बदलतात आणि बहुतेक वेळा आपलं पोर्ट सुटतं. रीस्टार्टनंतर पुन्हा तिथेच अडकू शकतं, म्हणून आमच्या टीममधल्या विंडोजवाल्यांनी कॉन्फिग फाइलमध्ये पोर्टचा आकडाच बदलून टाकलाय.