थीम पार्कसाठी हेडफोन की इअरप्लग?
आमचा लेक १५ वर्षांचा, ऑटिस्टिक, त्याला गर्दीपेक्षा आवाज जास्त छळतो. नॉइज कॅन्सलिंग हेडफोनने मशीनची एकसारखी घरघर मस्त दबते, पण अचानक आलेली किंकाळी तेवढी दबत नाही, आणि बऱ्याच रोलर कोस्टरवर ते काढूनच बसावं लागतं, म्हणजे ऐन गोंगाटात कान उघडे, एकदा असंच झालं तेव्हा त्याने तळवे कानांवर इतके घट्ट दाबले होते की बोटं पांढरी पडली. फोमचे इअरप्लग राइडवरही कानात राहतात, फक्त कानात काही घातलेलं कित्येक मुलांना सहनच होत नाही, म्हणून आधी घरी रोज थोडा थोडा वेळ घालून बघा, प्लीज. आम्ही आता रांगेत हेडफोन वापरतो आणि राइडवर प्लग, पण बदलायचं काम तोच करतो, नंबर यायच्या बराच आधी.