जुना ऑफिस डेस्कटॉप आणि लिनक्स मिंट: पार्ट बदलल्यावर बूट का अडतं, काही महिन्यांच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या बाजूच्या एका गावातल्या अभ्यासिकेत हे सेकंडहँड डेस्कटॉप रोज चालतात. आय५-४५७० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट २१.३ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अटींत चौथ्या पिढीचा प्रोसेसर बसत नाही. भरतीचे फॉर्म, पीडीएफ, टायपिंगचा सराव, व्हिडिओ लेक्चर या कामांना हे मशीन मिंटवर आरामात पुरतं. मिंट २१.३ ला एप्रिल २०२७ पर्यंत अपडेट आहेत. रोजच्या वापराबद्दल तक्रार नाही.

अडचण येते ती पार्ट बदलला की. हार्डडिस्क काढून एसएसडी लावली, रॅम वाढवली, मदरबोर्ड (पुढे नुसतं बोर्ड) बदलला आणि मशीन सुरूच, म्हणजे बूटच, होईना, की बहुतेक जण पेनड्राइव्ह लावून सगळं पुसतात आणि नव्याने मिंट टाकतात. तशी गरज क्वचितच पडते. डिस्कवरची सिस्टीम शाबूत असते, फक्त जुन्या हार्डवेअरची नोंद कुठेतरी उरलेली असते किंवा बूटची नोंद पुसली गेलेली असते. घोळ कुठे आहे हे स्क्रीन कोणत्या टप्प्यावर थांबली त्यावरून कळतं, म्हणून आधी स्क्रीन नीट वाचा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

डिस्प्लेच आला नाही तर लिनक्सचा संबंध नाही. रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्टीवर पेन्सिलचा खोडरबर फिरवा, स्लॉट ब्रशने साफ करा आणि दोन्ही बाजूंची कुलपं टक् वाजेपर्यंत दाबा. इकडे कोळशाची काळी धूळ आणि जिनिंगच्या दिवसांत कापसाचे तंतू पार स्लॉटच्या आत जातात. त्यात उन्हाळाभर कूलरची ओली हवा डब्यावर येत असेल तर ती धूळ चिकटून बसते. डबा कूलरच्या झोतात ठेवूच नका. नवी रॅम लावल्यावर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू द्या. एकही लाल ओळ आली तर ती रॅम दुकानदाराला परत करा, कारण खराब रॅमवर केलेलं अपडेट डिस्कवरच्या फाइलीही खराब करतं.

डिस्प्ले आला, कंपनीचा लोगो गेला आणि ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा निरोप आला, तर बायोसकडे, म्हणजे बोर्डातल्या सुरुवातीच्या सेटिंगकडे, बघा. आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बोर्डावरची सीआर२०३२ बटन बॅटरी. लाईन दिवसातून कितीदा जाते, रात्री भिंतीवरच्या स्विचबोर्डचं बटन बंदच असतं, त्यामुळे जुन्या डेस्कटॉपची ही बॅटरी लवकर उतरते. मग सेटिंग कारखान्याच्या मूळ जागेवर जातात. मिंट यूईएफआय मोडमध्ये (बूटची नवी पद्धत) टाकलेलं असेल आणि बायोस लेगसीवर (जुनी पद्धत) परतला असेल, तर डिस्क समोर असूनही ती बूट होत नाही. मल्टिमीटरने बॅटरी मोजा. नवी ३ व्होल्टच्या आसपास दाखवते, २.७ च्या खाली असेल तर बदलून टाका. मग बूट मोड यूईएफआय करा, तारीख-वेळ बरोबर करा. तारीख मागे राहिली तर ब्राउझरमध्ये सर्टिफिकेटच्या चुका दिसतात आणि अपडेट ‘अजून वैध नाही’ म्हणून अडतात. लोक तेव्हा इंटरनेटवाल्याला फोन लावतात, दोष असतो छोट्या बॅटरीचा.

नव्या मशीनवर एनव्हीएमई डिस्क (बोर्डावर थेट बसणारी वेगवान एसएसडी) असेल तर स्टोरेजचं सेटिंगही तपासा. ते इंटेल आरएसटी किंवा रेडवर असेल तर लिनक्सला ती डिस्क दिसतच नाही, एएचसीआय केलं की दिसते. त्याच मशीनवर विंडोजही असेल तर हा बदल थेट करू नका, आधी विंडोज सेफ मोडला लावून घ्या.

बोर्ड बदलल्यावरची गोष्ट वेगळी. कोणत्या डिस्कवरची कोणती फाइल उघडायची ही बूटची नोंद डिस्कवर नसते, बोर्डाच्या चिपमध्ये असते. बोर्ड गेला की नोंद गेली. काही बोर्ड तर डिस्क काढून एकदा मशीन चालू केलं तरी नोंद पुसतात. बूट मेन्यूत ती ‘उबुंटू’ या नावाने दिसते, मिंटच्या नाही. अनोळखी समजून तिला काढू नका.

ही नोंद परत बसवण्याची पद्धत अशी. मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून बूट मेन्यूतून त्याची यूईएफआय असं लिहिलेलीच ओळ निवडा. लेगसीतून शिरलात तर पुढचं सगळं वाया. टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके -एफ’ चालवून मुख्य पार्टिशन, म्हणजे ईएक्सटी४, आणि छोटं फॅट३२ पार्टिशन ओळखा. मुख्य पार्टिशन ‘/एमएनटी’ वर माउंट करा, छोटं त्याच्या आतल्या ‘बूट/ईएफआय’ वर. मग चालू लाइव्ह सिस्टीमचे ‘डेव्ह’, ‘प्रॉक’, ‘सिस’ आणि ‘रन’ हे चारही फोल्डर ‘माउंट --आरबाइंड’ लावून ‘/एमएनटी’ मधल्या त्याच नावांच्या फोल्डरांना जोडा. नुसत्या ‘--बाइंड’ ने ‘सिस’ च्या आतली ईएफआयची माहिती पोचत नाही आणि ‘ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड’ अशी चूक येते. मग ‘सीएचरूट’ करून, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टीमच्या आत शिरून, ‘ग्रब-इन्स्टॉल’ (ग्रब म्हणजे सिस्टीम सुरू करणारा बूट प्रोग्रॅम), ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ या क्रमाने चालवा. बोर्ड हट्टी असेल आणि नोंद टिकवत नसेल, तर ‘ग्रब-इन्स्टॉल --रिमूव्हेबल’ पण चालवा. त्याने ‘ईएफआय/बूट’ या ठरलेल्या फोल्डरात प्रत बसते आणि नोंद नसली तरी बोर्ड ती शोधतो.

ग्रबचा मेन्यू आला पण पुढे ‘इनिटरॅमएफएस’ (मुख्य डिस्क जोडण्याआधी चालणारी छोटी सिस्टीम) असं लिहून काळी स्क्रीन थांबली, तर वरच्या ओळी वाचा. ‘यूयूआयडी डझ नॉट एक्झिस्ट’ असेल तर डिस्क सापडत नाही (यूयूआयडी म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक). साटा केबल दोन्ही टोकांना दाबून बसवा, दुसरी लावून बघा. स्मार्टच्या माहितीत, म्हणजे डिस्कने ठेवलेल्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत, क्रमांक १९९ चा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलचाच, डिस्क फेकू नका. तिथेच ‘रन एफएससीके मॅन्युअली’ असं लिहिलेलं असेल तर लाईन अचानक गेल्याने फाइल सिस्टीम बिघडली आहे. ओळीत दिलेल्या पार्टिशनचं नाव घालून ‘एफएससीके -वाय’ द्या, संपल्यावर ‘एक्झिट’.

दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोड आला, तर काढून टाकलेल्या डिस्कची ओळ ‘/ईटीसी/एफएसटॅब’ मध्ये, म्हणजे बूट होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, राहिली आहे. ओळीच्या सुरुवातीला # लावा. जी डिस्क कधी असते कधी नसते, तिच्या पर्यायांत ‘नोफेल’ जोडून ठेवा. जुन्या हार्डडिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर घेतली असेल तर पहिल्या बूटआधी जुनी डिस्क काढाच. दोन्हींचा यूयूआयडी एकच असतो आणि सिस्टीम कधी या डिस्कवरून, कधी त्या डिस्कवरून चालते. पोरांनी केलेलं काम ‘गायब’ होण्याचं हे एक कारण.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड काढल्यावर नुसती काळी स्क्रीन राहिली तर ग्रबमध्ये ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहा, एफ१० ने बूट करा आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर काढून टाका.

आणि स्लॉटमध्ये कोणतंही नवं कार्ड लावल्यावर बूट नीट होऊन नेट बंद झालं, तर नेटवर्क पोर्टचं नाव तपासा. ते बोर्डाने दिलेल्या बस क्रमांकावरून पडतं आणि नवं कार्ड आलं की हे क्रमांक सरकू शकतात, त्यामुळे ‘ईएनपी३एस०’ चं ‘ईएनपी४एस०’ होऊ शकतं आणि हाताने दिलेला आयपी जुन्याच नावावर अडकून राहतो. नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणी नावाऐवजी मॅक पत्त्याला (पोर्टचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता) बांधली की पुढे कार्ड कुठेही लावा, हा प्रश्न येत नाही.